पेठच्या डोंगरात, हात मागे बांधून

मी काळजी करणारी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. घरातून निघताना गॅसचं बटण तीनदा बघते आणि एकदा तर नाशिकच्या द्वारका चौकातून रिक्षा उलटी फिरवून चौथ्यांदा बघायला परत आले होते. तेव्हापासून आमचे हे मला कुठेही सोडायला निघाले की किल्लीच्या आधी गॅसचं विचारतात. अशा बाईने नववीतली नऊ मुलं घेऊन पेठच्या डोंगरात तीन दिवस जावं, हे कोणी ठरवून केलं नव्हतं. ते माझ्या गळ्यात पडलं.

दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. आमच्या शाळेतले पी.टी.चे शिंदेसर फार दिवस म्हणत होते की, आपल्या मुलांना नायक म्हणजे सगळं स्वतःच सगळ्यांत चांगलं करणारा, एवढंच ठाऊक आहे. दोष आपलाच, कारण पहिला नंबर येणाऱ्याला आपण मॉनिटर करतो आणि मोकळे होतो. त्यांनी दिवाळीच्या सुट्टीत तीन दिवसांची पायी सहल आखली. रोज एक नवा नायक, आणि त्याला एकच नियम, हात मागे ठेवायचे. स्वतःचं जेवण आणि स्वतःची सॅक सोडली तर नायकाने दिवसभर कुठल्याही कामाला हात लावायचा नाही. कोणाला काय जमतं ते बघायचं आणि काम त्याच्याकडे द्यायचं. संध्याकाळी सगळ्यांना गोल बसवून प्रत्येकाला सांगायचं, तुला जमलं आणि मला जमलं नसतं असं आज मी काय पाहिलं. त्यात 'छान', 'हुशार' आणि 'मेहनती' हे तीन शब्द बाद.

निघायला चार दिवस उरले आणि सरांना कावीळ झाली. हेडबाईंनी स्टाफरूममध्ये सगळ्यांकडे बघितलं, बाकीचे सगळे एकदम वह्या तपासू लागले, आणि मी मूर्खासारखी वर बघत राहिले. जाताना हेडबाई एवढंच म्हणाल्या की, नीट पार पडलं तर दरवर्षी करू, आणि एखाद्या मुलाला काही झालं तर पुन्हा सहलीचं नाव काढायचं नाही. त्या रात्री मला झोप कसली लागतेय!

त्यात आदल्या दिवशी मानसीचे वडील घरी आले. मानसी आमची मॉनिटर, पहिलीपासून पहिला नंबर. गॅदरिंगच्या नाटकाचं नेपथ्य, पाठांतर घेणं, झिरमिळ्या चिकटवणं, सगळं तिने एकटीने केलं होतं, कारण इतरांचं तिला पसंत पडेना. नाटक झकास झालं आणि त्या दिवसापासून वर्गाने तिच्याशी बोलणं टाकलं. डब्याच्या सुट्टीत ती बाकावर एकटी बसायची, ते मी बघत होते. वडील चहाला नको नको म्हणत उठले आणि दारात थांबून म्हणाले, "बाई, तिला पहिला नंबर नको आता. कोणीतरी एकदा आपणहून हाक मारावी, एवढंच."

शिंदेसरांच्या यादीत तिसऱ्या दिवसाची नायक मानसी होती. मी ती यादी पुन्हा वाचली आणि पिशवीत दुसरा टॉर्च टाकला.

पहिला दिवस: फाट्यापासून वर

सीबीएस स्टँडवरून पेठच्या गाडीत बसलो तेव्हा माझ्या पिशवीत काय नव्हतं? कापूस, आयोडीन, दोन टॉर्च, ओआरएसची पाकिटं, आल्याच्या वड्या, आणि कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी, चांगली लांबलचक. दोरी बघून मुलं खो खो हसली. आमच्या शिपाईण शांतामावशी सोबत होत्या, त्याही पदर तोंडाला लावून हसल्या. सावळघाटात दोघांना ओकाऱ्या झाल्या आणि आल्याच्या वड्या कामी आल्या, पण त्याचं कौतुक कोणी केलं नाही.

फाट्यावर उतरून पाड्यापर्यंत दीड-दोन तासांची चढण होती. भात कापून झालेलं, खाचरांत पिवळे खुंट राहिलेले, आणि उतारावर नागलीची, म्हणजे नाचणीची, कणसं तांबूस दिसत होती. नाशिकला आम्ही डोंगर म्हटलं की पांडवलेणीच्या पायऱ्या मोजतो, इथे पायरी नाहीच, लाल मातीची वाट आणि तिला जागोजागी फुटलेले फाटे. मी दर वळणावर मुलं मोजत होते. आठ भरले की पुन्हा मोजायची, कारण नववा तेजस कायम मागे कुठेतरी दगडावर बसलेला असायचा. तेजस अंगाने चांगला भरलेला, शंभर पावलं चालला की बसायचा आणि पाणी प्यायचा. बाकीचे त्याच्यावर वैतागले होते.

पहिल्या दिवसाचा नायक अमेय, शाळेच्या कबड्डी संघाचा कप्तान. त्याने कामं वाटली ती पाच मिनिटांत. सामान मुलांनी उचलायचं, स्वयंपाक मुलींनी करायचा. झालं वाटप. परिणाम असा की खिचडी खाली करपली आणि वर कच्ची राहिली. ज्यांच्याकडे उतरलो त्या येसाआजी ओट्यावर बसून हे बघत होत्या. सत्तरीची बाई, कोरड्या लाकडासारखी बारीक. त्यांनी निखिल नावाच्या मुलाला बोलावलं आणि म्हणाल्या, हा मघापासून चुलीतलं लाकूड मागं ओढतोय, याला येतंय की. निखिलचा चेहरा पडला. त्याचे वडील लग्नाचे आचारी आहेत, हे त्याने वर्गात कधी कळू दिलं नव्हतं. आजींपुढे नाही कसं म्हणणार? त्याने दुसरं पातेलं चढवलं आणि अर्ध्या तासात आम्ही नव्या तांदळाचा मऊ भात आणि उडदाची आमटी जेवलो. सोबत खुरासणीची, म्हणजे कारळ्याची, काळी चटणी होती. आमच्याकडे शेंगदाण्याच्या चटणीशिवाय पान हलत नाही, पण ही मी दोनदा मागून घेतली.

संध्याकाळी अमेयला गोलात काही सांगताच येईना. 'छान' बाद, 'मेहनती' बाद, मग उरलं काय? त्याने दिवसभर कोणाकडे बघितलंच नव्हतं. शेवटी तो चिडून उठला आणि ओट्याच्या टोकाला जाऊन बसला. मला त्याची दया आली आणि थोडी भीतीही वाटली, कारण असा हिरमुसलेला मुलगा काय करील याचा नेम नसतो.

दुसरा दिवस: येसाआजींचं खळं

सकाळी आजींच्या खळ्यावर भात झोडपायचा होता. पाड्यातली पाच-सहा घरं कामाला आली होती. आज यांचं खळं, उद्या त्यांचं, अशी पाळी. आणखी काही घरं होती, पण त्यांना कुलपं होती. विचारलं तर कळलं, ती माणसं वणीकडच्या द्राक्षबागांत कामाला गेली, आता एकदम शिमग्याला येतील. नाशिकची द्राक्षं म्हणून आम्ही पाहुण्यांना किती मिरवतो, आणि ती कोणाच्या हातची असतात हे मला चाळिसाव्या वर्षी एका कुलपाने कळलं. मला लाज वाटली.

आजी स्वतः पेंढी हातात घेत नव्हत्या. त्या खळ्याच्या कडेला उभ्या राहून एकेकाला जागा दाखवत होत्या. मी विचारलं की, तुम्ही कशा ठरवता? तर म्हणाल्या, "ज्याचं खळं त्यानं बघायचं कोन कुठं उभा करायचा. तो डावखुरा हाय, त्याला मधी घेतला तर शेजारच्याच्या टाळक्यात पेंढी बसल. त्या दोघींचं भांडान हाय, त्यांना समोरासमोर नाय ठेवायचं. येवढं नाय बघितलं तर भात झोडून व्हईल, पन उद्या कोन येनार नाय."

आमचे शिंदेसर काविळीने अंथरुणात पडून जे शिकवू बघत होते ते आजी रोज करत होत्या. माझ्या शेजारी मानसी उभी होती आणि डोळे मोठे करून ऐकत होती.

त्या दिवसाची नायक रुक्साना. हिचे वडील द्वारकेला ट्रान्सपोर्टमध्ये ट्रकवरचा माल दोरांनी बांधतात. आदल्या दिवशी ओल्या कपड्यांसाठी माझी दोरी बांधली ती हिनेच, आणि ती गाठ वाऱ्यात तसूभर सरकली नव्हती. बोलायला अगदी शांत. तिने आजींसारखंच मुलांना उभं केलं आणि काम छान चाललं होतं. बिघडवलं मी. कोणी पेंढी जोरात आपटली की मी ओरडायची, कोणी उन्हात गेलं की टोपी घालायला धावायची, दुपारी टेकडीवर जायचं ठरलं तर मी रांग मोडून मला हवी तशी लावली. तेजसला तर मी पाड्यातच बसवून ठेवलं.

संध्याकाळी गोलात रुक्सानाने प्रत्येकाला नेमकं सांगितलं. मग माझ्याकडे वळून, आवाज जराही न चढवता तिने विचारलं, "बाई, आज नायक मी होते की तुम्ही?"

शांतामावशींनी मान खाली घातली. मी काहीतरी सारवासारव केली, पण कान गरम झाले होते. मी शिक्षिका, आणि नियम मोडणारी पहिली मीच. उद्या मानसीचा दिवस, उद्या आपण तोंड उघडायचं नाही, असं मी मनाशी ठरवलं. पण तोंड गप्प ठेवलं तरी काळजीचं काय करायचं? म्हणून मी येसाआजींचा मुलगा सोमा याला गाठलं आणि उतरायच्या वाटेवरचे खाचखळगे त्याला इतके विचारले की तो बिचारा जांभया देऊ लागला.

तिसरा दिवस: उतरण

परतीची एसटी फाट्यावर दोनला येणार होती. ती चुकली तर दुसरी थेट दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि नाशिकला नऊ मुलांच्या आईवडिलांचा जीव टांगणीला. सकाळपासून दरीत धुकं दाटलेलं. सोमा दुसऱ्याच्या खळ्यावर पाळी फेडायला गेला होता, त्यामुळे वाट दाखवायला कोणी नव्हतं.

मानसीने ओढणीची एक गाठ मारून दोन्ही हात मागे त्यात अडकवले. नाहीतर हात आपोआप पुढे येतात, म्हणाली. निखिलला तिने उरलेल्या भाकऱ्या आणि चटणी बांधायला सांगितलं, आणि मग म्हणाली की सगळ्यांच्या पुढे तेजस चालेल. दोनची गाडी गाठायची आणि पुढे कोण, तर तेजस! अमेय मोठ्याने हसला. मी जीभ दातांखाली धरली, अगदी खरोखर धरली.

"तो येताना प्रत्येक वळणावर बसला होता," मानसी म्हणाली. "आपण चालत आलो, आपल्याला काही आठवत नाही. त्याला सगळे दगड ओळखीचे आहेत."

तेजसने मान डोलावली. कधी नव्हे ते तो ताठ उभा राहिला. मला मानसीने सगळ्यांच्या मागे ठेवलं आणि दर वळणाला मोजायला सांगितलं. आणि धुक्यात तो मुलगा खरंच एकेक दगड ओळखत गेला, इथे बाटली उघडली, इथे मुंगळा चावला, इथून उजवीकडे. तासाभरात आम्ही अर्धी उतरण पार केली. मला हायसं वाटायला लागलं होतं.

मोहाच्या मोठ्या झाडापाशी वळणावर मोजले, तर आठ. पुन्हा मोजले. आठ. अमेय नव्हता. आधीच्या वळणावर तो माझ्या डोळ्यांसमोर होता, बुटाची नाडी बांधत होता, म्हणून मी त्याला ओलांडून चार पावलं पुढे आले होते. धाबं दणाणणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. माझ्या तोंडून शब्द फुटले ते एवढेच की सगळे मागे फिरा, सगळे वर चला. मुलं वळलीसुद्धा.

मानसीचा चेहरा पांढरा पडला होता. पण ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, थांबा. तो हरवलेला नाही. त्याला सगळ्यांच्या आधी पोचून एसटी थांबवायची असणार. परवाचं त्याला भरून काढायचंय." मग तिने विचारलं, "तुम्ही काल सोमादादांना सगळं विचारत होतात ना? इथून खाली जायला दुसरी वाट आहे?"

होती की! मी सांगितलं, धडाधडा सगळं सांगितलं. मागच्या वळणावरून एक पायवाट सरळ ओढ्यात उतरते, जवळची दिसते, पण पावसाळ्यात तिचा तुकडा खचला आहे, जनावरंसुद्धा तिकडून नेत नाहीत. सांगता सांगता मला रडू येत होतं. आदल्या संध्याकाळी जांभया देणाऱ्या त्या माणसाकडून मी हे काढून घेतलं होतं, आणि मुलांना सांगायचं मात्र राहिलं होतं. आपण बोलायचं नाही म्हणून ठरवलं होतं ना! एक दिवस नको इतकं बोलले आणि दुसऱ्या दिवशी नेमकं हवं ते गिळून बसले.

मानसीने रागावण्यात वेळ घालवला नाही. रुक्सानाला माझ्याबरोबर दिलं, कारण तिची गाठ सुटत नाही आणि ती बोलली की घाबरलेला माणूस ऐकतो. बाकीच्यांना तेजसच्या मागे शांतामावशींबरोबर खाली नेलं आणि निखिलच्या कानात काहीतरी सांगितलं. हात शेवटपर्यंत मागेच होते.

अमेय सापडला तो खचलेल्या तुकड्याच्या खाली, दोन पुरुष खोल, ओढ्याच्या काठच्या दगडांत. गुडघा फुटला होता. वर चढायला गेला की माती हातात यायची आणि खाली पाण्याचा डोह होता. कबड्डीचा कप्तान हमसून हमसून रडत होता. मी वरून नुसती त्याचं नाव घेत राहिले. रुक्साना मात्र पालथी झोपली आणि अंगणात बसून गप्पा माराव्या तशी त्याच्याशी बोलायला लागली. हलू नकोस, दोरी येतेय, काखेतून घे, आता मी सांगते तशी गाठ मार. माझ्या पिशवीतल्या दोरीचं दुसरं टोक तिने सागाच्या बुंध्याला वेढून बांधलं, आणि आम्ही दोघी ओढत राहिलो. नायलॉनने माझे तळवे सोलले. तो वर आला तेव्हा मी त्याला एक धपाटा घातला आणि लगेच पोटाशी धरलं.

गुडघा बांधून, त्याला दोघींच्या मध्ये धरून फाट्यावर यायला पावणेतीन वाजले. गाडी गेलेली असणार हे मी धरूनच चालले होते. शेवटचं वळण घेतलं तर लाल एसटी उभी होती! ड्रायव्हर आणि कंडक्टर रस्त्याकडेच्या दगडावर बसून नागलीची भाकरी आणि खुरासणीची चटणी खात होते, आणि निखिल त्यांना आग्रह करकरून वाढत होता, अगदी लग्नाच्या पंगतीत वाढावं तसं. गाडीतले लोक कुरकुरत होते. मानसी गाडीच्या दाराशी उभी होती, हात मागे. आम्हाला बघून तिने ओठांतल्या ओठांत मोजलं आणि मग ती रडली.

गोल आम्ही गाडीतच केला, सीटवर उलटं बसून. मानसीने एकेकाला सांगितलं. अमेयला सांगितलं की, तुझ्यासारखं पळायला मला जमणार नाही, पण तू मला विचारलं असतंस तर मी तुलाच पुढे पाठवलं असतं, चांगल्या वाटेने, कोणाला तरी बरोबर देऊन. अमेय खाली बघत होता. सगळ्यांत शेवटी ती माझ्याकडे वळली.

"बाई, तुमच्याइतकी काळजी मला करता आली नसती. दोरी कोणी आणली असती? वाट कोणी विचारून ठेवली असती? फक्त ती तुम्ही एकटीने करू नका, आम्हाला सांगत जा."

चौदा वर्षांची पोर. चाळीस वर्षांत ज्याच्यावरून मी घरीदारी चेष्टा करून घेतली त्याला कोणीतरी पहिल्यांदा काम म्हटलं. मी खिडकीकडे तोंड केलं आणि डोळे पुसले.

सावळघाट चढून गाडी सपाटीला लागली. मानसी पुढच्या सीटवर एकटी जाऊन बसली होती, सवयीने. हात अजून ओढणीत मागे होते. मागच्या लांब सीटवर मुलांचा कालवा चालला होता आणि त्या कालव्यातून अमेयने हाक मारली. "मानसी, ए मानसी! इकडे ये, जागा केलीय. आणि हात सोड आता, भाकरी धरायला लागतील."

ती उठली. ओढणीतून हात सोडवून चालत्या गाडीत दांड्या धरत मागे गेली आणि त्यांच्यात दाटीवाटीने बसली. मी मान वळवून मोजले. नऊ. सीबीएसवर तिचे वडील उभे असणार होते, आणि त्यांना काय सांगायचं ते मी तिथपर्यंत मनातल्या मनात पुन्हा पुन्हा म्हणत गेले.